भिंतीवरची सूचना आणि लाल ठिपका

आज आपण पुण्याच्या तीन गोष्टी ऐकणार आहोत. पहिली १८६३ सालातली, दुसरी १८९७ ची आणि तिसरी तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर घडलेली. शाळेच्या पुस्तकात या तिघी एकमेकींच्या शेजारी कधी बसत नाहीत. पहिली समाजसुधारणेच्या धड्यात, दुसरी स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात, आणि तिसरीला तर धड्यात जागाच नाही, कारण ती कचऱ्याची आहे. बी.ए.ला मी इतिहास घेतला होता, पण या तीन गोष्टींचं नातं मला कळलं ते बचत गटांच्या बैठका घेताना. तिन्ही गोष्टींत माणसं काहीतरी लपवतायत. आणि जे लपवलंय त्यानेच सगळ्यांचं नुकसान होतंय.

हल्ली प्रशिक्षणाला गेलं की एक शब्द कानावर पडतो, वर्तनविज्ञान. घाबरू नका, शब्द मोठा आहे, गोष्ट घरातली आहे. माणूस जसा वागतो तसा का वागतो, याचा अभ्यास. चांगलं काय हे माहीत असूनही आपण तसं वागतोच असं नाही. आळस असतो, सवय असते, भीती असते, चारचौघांत लाज असते. म्हणून नुसता उपदेश करून किंवा दंड लावून भागत नाही, रस्ता थोडा सोपा करावा लागतो, असं हे शास्त्र सांगतं. रिचर्ड थेलर नावाच्या अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञाला याच विषयाच्या कामासाठी २०१७ साली नोबेल मिळालं. माणसं पैसे साठवायचं ठरवतात आणि साठवत का नाहीत, हा त्यांचा आवडीचा प्रश्न. आता सांगा, ठरलेल्या तारखेला, ठरलेली रक्कम, दहाजणींच्या समोर वहीत लिहून द्यायची, ही युक्ती आपण गटात किती वर्षं करतोय? घरातल्या डब्यात पैसे टिकत नाहीत आणि गटात टिकतात, यामागचं कारण आपल्याला कुणी शिकवायला लागलं नाही.

तर पहिली गोष्ट.

१८५६ साली विधवांना पुनर्विवाहाची परवानगी देणारा कायदा झाला होता. कागदावर परवानगी मिळाली, घरात काही बदललं नाही. पुण्याच्या ब्राह्मण वस्तीत आठव्या-दहाव्या वर्षी लग्न झालेल्या मुली पंधराव्या वर्षी विधवा व्हायच्या. केशवपन, एकवेळचं जेवण, आणि उरलेलं आयुष्य सासर-माहेरच्या एखाद्या अंधाऱ्या खोलीत. अशा मुलीवर घरातल्याच कुणाची नजर जायची, कुणी फसवायचं. दिवस गेले की तिच्यापुढे दोनच वाटा, स्वतः विहीर जवळ करायची किंवा जन्मलेलं मूल नाहीसं करायचं. अशाच एका विधवेने जन्मलेल्या मुलाचा जीव घेतला, प्रेत विहिरीत सापडलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती जोतीरावांच्या एका मित्राच्या घरी स्वयंपाकाला होती. जिने फसवणूक सोसली ती अंदमानात गेली. ज्याने फसवलं त्याचं काही झालं नाही.

शिक्षा कडक होती, आणि सगळ्यांना ठाऊकही होती. तरी मुलं मरायची थांबली नाहीत. कारण त्या बाईला शिक्षेपेक्षा मोठी भीती उघड होण्याची होती. शिक्षा जितकी कडक, तितकं लपवणं खोल.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. आणि एक काम केलं, त्याच्याकडे आपण नीट बघितलं पाहिजे. त्यांनी छापील सूचना करून ब्राह्मण आळ्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर लावल्या. मजकुराचा आशय असा होता की विधवांनी इथे यावं, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवून जायचं ते त्यांच्या मर्जीवर. त्यात पापपुण्य नव्हतं. ‘असं वागू नका’ नव्हतं. बाप कोण, हा प्रश्न नव्हता. त्या बाईला ज्याची भीती होती, नेमकी तीच पहिल्यांदा दूर केलेली होती: कुणाला कळणार नाही.

१८८४ साली जोतीरावांनी सरकारला पाठवलेल्या टिपणात या गृहात आलेल्या गरोदर विधवांचा आकडा आहे, पस्तीस. एकवीस वर्षांत पस्तीस. ऐकायला थोड्या वाटतात. पण त्या काळातल्या एका ब्राह्मण विधवेने रात्री घराबाहेर पाऊल टाकून, माळ्याच्या घराचं दार वाजवणं ही काय गोष्ट होती याचा विचार करा, मग पस्तीस हा आकडा वेगळा दिसतो. त्या बायकांचं बाळंतपण, त्या बाळांचं न्हाऊमाखू सावित्रीबाईंनी पाहिलं. त्यांतलं एक मूल या जोडप्याने दत्तक घेतलं. त्याचं नाव यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. हे नाव लक्षात ठेवा.

भिंतीवरच्या त्या सूचनेचं मला फार कौतुक आहे, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. नुसत्या सूचनेने काही झालं नसतं. सूचनेच्या मागे खरोखर एक दार होतं, ते वाजवलं की उघडत होतं, आत गरम पाणी होतं आणि सुईणपण करणारी बाई होती. हल्ली सरकारी भिंतींवर सूचना पुष्कळ असतात. त्यांच्या मागचं दार शोधत आपण तालुक्याला चकरा मारतो.

दुसरी गोष्ट प्लेगची.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला, आणि काही महिन्यांत तो पुण्यात पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारने साथरोग कायदा केला. आगगाडीतून उतरवून तपासा, घरात शिरा, माणसं उचला, सामान जाळा, सगळं करायची मुभा देणारा. पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड आला आणि १३ मार्चपासून घराघरांची झडती सुरू झाली. झडतीला लष्कर होतं, गोरे शिपाईसुद्धा.

प्लेगची गाठ कुठे येते, माहीत आहे ना? जांघेत आणि काखेत. ती बघायची म्हणजे काय करायचं, ते मी सांगायला नको. परपुरुषासमोर पदर न सरकवणाऱ्या बायकांच्या घरात बूट घालून शिपाई शिरत होते, देवघरापर्यंत, स्वयंपाकघरापर्यंत. संशय आला की माणूस इस्पितळात, आणि घरातले बाकीचे वेगळ्या छावणीत. मागे घराची साफसफाई म्हणून अंथरूण-पांघरूण जाळलं जायचं. पंडिता रमाबाई काही सरकारच्या वैरीण नव्हत्या, टिळकांच्या गोटातल्या तर मुळीच नव्हत्या. पण पुण्याच्या प्लेग व्यवस्थेत स्त्रियांना कशी वागणूक मिळते याबद्दल त्यांनीही त्या साली वर्तमानपत्रात तक्रार लिहिली.

मग लोकांनी काय केलं? आजारी माणूस लपवला. माळ्यावर, कोठीघरात. ताप आला तरी डॉक्टर नको, कारण डॉक्टरने कळवलं की शिपाई येणार. मेलेल्याच्या नावापुढे दुसराच आजार सांगायचा. काहीजण रातोरात गाव सोडून नातेवाइकांकडे गेले, आणि प्लेगही त्यांच्या बोचक्यातून गेला. सरकारच्या लोकांना वाटलं, हे लोक अडाणी आहेत, स्वच्छतेचे वैरी आहेत. खरं तर ते अगदी हिशेबाने वागत होते. लपवलं तर कदाचित माणूस घरच्यांच्या मांडीवर जाईल. दाखवलं तर तो परक्यांच्या हातात जाईल आणि घरही मोडेल. आपण त्यांच्या जागी असतो तर आपणही माळाच गाठला असता.

आणखी एक उपरोध असा की प्लेग पसरतो कसा, हे तेव्हा झडती घेणाऱ्यांनाही कळलेलं नव्हतं. उंदरांवरच्या पिसवांमधून तो माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवलं ते १८९८ साली. त्याचं म्हणणं सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे जांघा तपासून आणि गाद्या जाळून जो त्रास दिला, त्यातला बराचसा त्या रोगाच्या मुळाशी जातच नव्हता.

याच काळात, शहराबाहेर हडपसरच्या बाजूला, ससाण्यांच्या माळावर एक दवाखाना चालला होता. तो चालवणारा डॉक्टर म्हणजे यशवंत. १८६३ च्या त्या घरातून मिळालेला मुलगा. सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतलं आणि स्वतः रुग्ण आणायला लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणलं. त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रँडची झडती सुरू झाली त्याच्या तीन दिवस आधी.

तारखा अशा शेजारी ठेवल्या की मला राहवत नाही. सावित्रीबाईही रुग्णाला घरातून बाहेरच काढत होत्या. शिपाईही तेच करत होते. दोघांचं काम वरून बघितलं तर एकच, रुग्ण वेगळा ठेवायचा. पण एकीच्या पाठीवर लोक आपलं मूल देत होते आणि दुसऱ्यांना बघून मूल माळ्यावर चढवत होते.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा साठावा वर्धापन सोहळा आटोपून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. चापेकर फासावर गेले, टिळकांना शिक्षा झाली. आपल्या धड्यात ही गोष्ट इथेच संपते. पण प्लेग संपला नव्हता. मार्च १८९८ मध्ये मुंबईतही तपासणीवरून दंगल झाली आणि मग सरकारचा हात हळूहळू सैल झाला. लष्कराच्या झडत्या मागे पडल्या. लस ज्याला घ्यायची त्याने घ्यावी, असं धोरण आलं. आणि लोकांनी आपापली रीत बसवली. घरात उंदीर पडला की गाव रिकामं करायचं, रानात झोपड्या घालून राहायचं, साथ ओसरली की परत. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्या आजी-आजोबांकडून त्या झोपड्यांच्या गोष्टी ऐकल्या असतील. ही रीत शास्त्राला धरूनच होती, उंदीर मेलेल्या घरापासून लांब जायचं. त्यासाठी कुणाच्या दारात शिपाई उभा करावा लागला नाही. सगळं गाव एकदम निघायचं, चूल सोबत जायची, माणसं माणसांजवळ राहायची.

१८९७ चा तो कायदा मात्र राहिला. मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा महाराष्ट्र सरकारने तोच कायदा लागू केला. राज्यातला पहिला रुग्णही पुण्यातच सापडला होता. आमच्या वस्तीत त्या दिवसांत काय झालं ते मी बघितलंय. ज्या गल्लीत पत्रे ठोकले, त्याच्या शेजारच्या गल्लीत ताप अंगावर काढायला सुरुवात झाली. घरकाम करणाऱ्या बाईचं नाव रुग्णांच्या यादीत आलं की कामं सुटणार, हे तिला पक्कं माहीत होतं. रुग्णाच्या दारावर फलक लावण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२० मध्ये सांगावं लागलं की अधिकृत आदेशाशिवाय असे फलक लावू नयेत. सव्वाशे वर्षांनीही आपण दार ओळखता येईल असंच काहीतरी करायला निघालो होतो.

तुमच्याकडचं गुड मॉर्निंग पथक आठवतंय ना? पहाटे शिट्टी वाजवत यायचं, उघड्यावर बसणाऱ्याला गाठायचं, फूल द्यायचं किंवा फोटो काढायचा. पुरुष हसून उठायचे. बायका दुसऱ्या दिवसापासून पथकाच्या आधी, आणखी अंधारात जायला लागल्या. संडास बांधले गेले आणि वापरात आले तिथे फरक पडला, हे खरं आहे. त्याचं श्रेय शिट्टीला द्यायला मी तयार नाही. जिथे पाणी खांद्यावरून आणायचं तिथे संडासात सरपण भरलेलं मी पाहिलंय.

आता तिसरी गोष्ट, आणि ती जरा सविस्तर सांगते, कारण तिच्यात तुमचा माझा हात आहे.

पुण्याचा कचरा वेचणाऱ्या बायका कोण आहेत? बहुतेकजणी दलित समाजाच्या. कितीतरी कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. म्हणजे तुमच्याच चुलत-मावस बहिणी. कचराकुंडीत उतरून कागद, काच, पत्रा वेगळा करायचा आणि भंगारवाल्याला विकायचा. लोक चोर म्हणायचे, पोलीस उठवायचे. १९९० च्या आसपास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या बायकांमध्ये काम करायला लागल्या. मे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने मेळावा भरला आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. नावाकडे बघा. ‘कचरा’ हा शब्दच त्यात नाही. कागद, काच, पत्रा, ज्याला बाजारात किंमत आहे ते, आणि कष्टकरी. १९९६ साली महापालिकेने या बायकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. गळ्यात ते कार्ड आलं आणि तीच बाई, तीच गोणी, पण हटकणाऱ्याचा सूर बदलला. २००८ साली त्यांच्याच ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेशी महापालिकेचा करार झाला. कुंडीत उतरणारी बाई आता घराच्या दारात येऊन ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घ्यायला लागली, आणि महिन्याचे पैसे घरटी थेट घ्यायला लागली.

हा बदल किती मोठा होता ते कुंडीचा विचार केल्यावर कळतं. कुंडी म्हणजे लपवायची जागा. रात्री जाऊन काहीही टाका, कोण बघतंय? आणि पुणं शहर स्वतःही तेच करत होतं. आधी कोथरूडच्या डेपोत टाकत होतं. ते कोथरूड वाढलं, लोकांना वास यायला लागला, म्हणून १९९० च्या दशकात कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या रानात गेला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, आगीचा धूर बसला, गावकऱ्यांनी वेळोवेळी गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे पुणेकरांना आठवलं की टाकलेला कचरा कुठेतरी जातो. दारात रोज येणारी एकच ओळखीची बाई असली की मात्र मामला बदलतो. कालचा डबा मिसळलेला होता हे तिला ठाऊक असतं, आणि तिला ठाऊक आहे हे आपल्याला ठाऊक असतं. दंडाच्या पावतीपेक्षा ही नजर जास्त काम करते.

पण एक गोष्ट दारातही लपलेलीच राहिली. पाळीचे पॅड.

विचार करा, पॅड विकत घेतानाच लपवायला सुरुवात होते. दुकानदार न सांगता वर्तमानपत्रात गुंडाळतो, वर काळी पिशवी. मग वापरलेला पॅड कोण उघड देणार? तो दुधाच्या पिशवीत जातो, ती पिशवी भाजीच्या देठांच्या खाली जाते, वर सालं पसरली जातात. घरातल्या पुरुषाला दिसू नये, कचरावाल्या ताईला दिसू नये. आणि मग ती ताई ओलं-सुकं वेगळं करायला बसते. पिशवीत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून ती उघडते. अनेकदा हातमोजे नसतात, असले तर फाटलेले असतात. एका बाईने लाजेपोटी झाकलेलं दुसऱ्या बाईच्या हाताला लागतं. रोज, दर इमारतीत, डझनाने. ओल्या कचऱ्याच्या सुरीने कापल्यासारख्या वासापेक्षा हे वाईट, असं आमच्या एका गटातल्या मावशी सांगतात, आणि त्यानंतर जेवण जात नाही हेही.

२०१३ साली या बायकांनी एक काम केलं. वापरलेले पॅड पिशव्यांत भरून ते बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांत परत पाठवले. तुमचा माल, तुमची जबाबदारी. मला हे फार आवडतं. ज्या गोष्टीचं नाव घ्यायची लाज, ती सरळ साहेबाच्या टेबलावर. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत दोन्ही बाजू लिहिल्या गेल्या: घरांनी हा कचरा नीट गुंडाळून वेगळा द्यावा, आणि पॅड-डायपर बनवणाऱ्यांनी पाकिटासोबत गुंडाळायला पिशवी किंवा वेष्टन द्यावं.

आणि मग घरांसाठी आला तो लाल ठिपका. ही युक्ती बंगळुरूतही वापरली गेली आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ने ती दारोदार सांगितली. वापरलेला पॅड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा, त्यावर लाल रंगाचा ठसठशीत ठिपका काढा, आणि सुक्या कचऱ्याबरोबर पण वेगळा द्या. झालं. कचरावेचक बायकाच जुन्या वर्तमानपत्राच्या छोट्या पिशव्या करून विकायच्या, त्यांचाही याला उपयोग.

यात काय आहे ते बघा. तोंडाने एक शब्द बोलावा लागत नाही. घरातली सून सासऱ्यासमोरून ती पुडी नेऊ शकते, कागदच दिसतो. घेणाऱ्या ताईला अक्षरओळख नसली तरी चालतं, ठिपका वाचायला शाळा लागत नाही. लाल टिकली लावायची सवय आपल्या बोटांना आहेच, नवं काही शिकायचं नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, ठिपका काढताना त्या एका क्षणाला आपल्या मनात दुसरी बाई येते, जी हे हातात घेणार आहे. १८६३ च्या सूचनेसारखंच हे आहे. लाज सोडा, असं कुणी सांगत नाही. लाज राहू दे, तिच्यासकट जमेल अशी वाट काढून दिली आहे.

आता दुसरी बाजूही बोलते. ठिपक्याने सगळं सुटलं, असं चित्र मी रंगवणार नाही. घराघरात तो निघतो असं नाही, सोसायटी बदलली की सवय बदलते. आणि पुडी वेगळी झाली तरी तिचं पुढे काय? त्यातलं प्लास्टिक मातीत जिरत नाही, जाळलं तर विषारी धूर. या वर्तनविज्ञानाचं मोठ्या लोकांना एवढं प्रेम का आहे, अशी मला कधी कधी शंका येते. ठिपका स्वस्त असतो. बाईला ठिपका काढायला सांगणं सोपं, कंपनीला पिशवी द्यायला लावणं अवघड. म्हणून मी मघाशी म्हटलं, सूचनेच्या मागे दार आहे का ते बघा.

आणि हे आता शहरापुरतं राहिलेलं नाही. ८ मार्च २०१८ ला आपल्या राज्यात अस्मिता योजना सुरू झाली. आठ पॅडचं पाकीट शाळकरी मुलींना ५ रुपयांत. ते गावोगाव पोहोचवलं कुणी? आपल्या बचत गटांनी. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी ती पाकिटं पिशवीत घालून घरोघर नेली, मुलींशी बोललात, आयांची समजूत काढलीत. कापडाच्या ओल्या घड्या कोपऱ्यात, पुरुषांच्या नजरेआड वाळत घालायचा त्रास गेला, ही फार मोठी गोष्ट झाली. पण वापरलेला पॅड कुठे जातो, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. ओढ्याकाठच्या झुडपात जातो, उकिरड्यात जातो, शाळेच्या संडासात जाऊन तो तुंबवतो, रात्री चुलीत जातो. कुत्र्याने उकरला की ज्या घरासमोर सापडतो त्या घरातल्या मुलींची मान खाली. म्हणजे पुन्हा माळाच.

ग्रामपंचायतीची घंटागाडी आता पुष्कळ गावांत येते. तिच्यावर बहुतेक ठिकाणी पुरुष असतो, म्हणून बायका ही पुडी देत नाहीत, हे मला तीन-चार गटांकडून कळलं. एका गटाने सुचवलं की गाडीच्या मागे झाकणाचा एक वेगळा डबा बांधावा, पुडी आपणच टाकायची, कुणाच्या हातात द्यायची नाही. मला वाटतं हे ठिपक्याइतकंच हुशारीचं आहे, आणि कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही. पण तो डबा पुढे कुठे रिकामा होणार, गावाबाहेर खोल खड्डा कुणाच्या जागेत, शाळेतलं जाळायचं यंत्र बंद पडलंय ते कोण दुरुस्त करणार, हे ग्रामसभेतच विचारावं लागेल, आणि मोठ्याने.

तोवर एक करा. पुढच्या महिन्याच्या बैठकीला दुकानातून पॅडचं एक पाकीट आणा, कुठल्याही कंपनीचं, आणताना काळी पिशवी घेऊ नका. सगळ्यांसमोर फोडा आणि बघा, गुंडाळून टाकायला आत वेष्टन दिलंय का. नसेल तर कंपनीचा पत्ता पाकिटावर छापलेलाच असतो. पत्र लिहायला गटात नववी-दहावी झालेली एखादी सून असेलच, सह्या आणि अंगठे बाकीच्यांचे.